मांडीतला गूळ

कामरगावजवळच्या तांड्यात पंचायत बसली की नायकाच्या शेजारी शहाण्या माणसाला बसवतात. हिरीबाईला तो मान दाढेने मिळवून दिला. विहिरीच्या भांडणात ती दुखरा गाल धरून गप्प बसली होती; दोन्ही बाजू भांडून दमल्या आणि समेट झाला. लोकांनी तिला शहाणी ठरवलं. दाढ ठणकत होती, असं तिने पुष्कळदा सांगितलं. लोक हसले. तोही तिचा मोठेपणाच ठरला.

आज सेवालालच्या मुलीच्या, संगीताच्या सोयरिकीचा गूळ खायचा होता. पंचांनी गूळ खाल्ला की सोयरीक पक्की, मग ती मोडत नाही. मुलाचं नाव नवीन; तो ऊसतोडीला जाणारा. मुकादम नवरा-बायकोची जोडीच घेतो, एकट्याला उभं करत नाही, म्हणून हंगामाआधी लग्न उरकायची घाई. एकोणीस वर्षांची संगीता दाराआड उभी होती. तिला कोणी विचारलं नव्हतं.

"याडी, तुमी बोला," बबन नायक हिरीबाईला, साऱ्या तांड्याच्या आईला, म्हणाला. "तुमचा शब्द झाला का झालं."

"मले नाई समजत. पोरीले विचारा."

"आयका," नायक मुलाकडच्या पाहुण्यांकडे वळला. "सारं समजते, तरी म्हणते समजत नाई. असे मानसं राह्यले नाईत आता. होकारच हाय हा."

त्याचा हात गुळाच्या परातीकडे गेला. आपण काहीही बोललो तरी ह्यांच्या तोंडी त्याचा होकारच होणार, हे हिरीबाईच्या ध्यानात आलं. तिने परात ओढून मांडीत घेतली आणि वरून पदर टाकला.

"याडी, हे काय करून राह्यल्या?"

"येडेपणा. शहाणपणाचं तुमी काहीबी करता."

"म्हातारी चळली वाटते," एक पाहुणा पुटपुटला.

"चळली ना. आता चळलेलीचा होकार धरता का, नायक?"

नायकाने हात मागे घेतला. सेवालाल मात्र पुढे आला. "याडी, माही इज्जत जाऊन राह्यली. पोरीले काय अक्कल हाय?"

"नसन. मले सत्तरीत नाई आली, तुले चाळिशीत नाई. बिनअकलेच्यानंच ठरवाचं असन, तं जिचं लगन हाय तिनं ठरवावं. संगीता, बाहीर ये."

संगीता बाहेर आली.

"मलेबी माईत नाई," ती म्हणाली. "नवीन वाईट नाई. पण मले समजेपर्यंत गूळ खाऊ नका. हंगाम तं दरसाल येते."

"आन् समजलंच नाई तं?" नायकाने विचारलं.

"तं नाई खायाचा."

पाहुणे उठले. सेवालाल त्यांच्या मागे हात जोडत गेला. अंगणात मोटरसायकली सुरू झाल्या तसा नायक खाली वाकला.

"पुरे झालं, याडी. द्या परात."

"गाड्या रस्त्याले लागू दे," हिरीबाई म्हणाली आणि तिने मांडी आणखी घट्ट घातली.