माडगं

"ह्यो काय साबण पाजायला लागलीस व्हय मला?"

धुळाने तोंडातला घोट परत पेल्यात सोडला आणि पेला सुनेच्या हातात दिला. पांढऱ्या फेसाळ दुधावर लाळेची तार तरंगत होती. पूनमने मान वळवली, पण तिचं नाक मुरडलेलं सासूला, केराबाईला, दाराजवळून दिसलंच.

"मामा, व्हॅनिला हाय ह्ये. डॉक्टरनी लिहून दिलंय. सगळी ताकद असतीया ह्यात."

"असू दे ताकद. वास बग की त्येचा. बाळाच्या पावडरीगत येतोय."

पूनमने पेला मोरीत ओतला. एका दवाखान्यात ती मदतनीस होती, दिवसभर दुसऱ्यांचे पेशंट सांभाळून यायची. घरी आल्यावर तिने ओट्याशी उभं राहून, सगळ्यांकडे पाठ करून, पाकिटातल्या शेवया उकळल्या आणि पातेल्यातूनच खाल्ल्या. त्या मसाल्याचा वास आधीच्या वासांत मिसळला. दोन खोल्यांचं ते घर आता नुसत्या वासांनी भरलं होतं.

धुळाच्या अन्ननळीत गाठ होती. दवाखान्याने दिवाळीनंतर घरी पाठवताना सांगितलं होतं, आता काही पथ्य नाही, खातील ते द्या. हे वाक्य ऐकल्यापासून जो तो आपापलं आणून धुळाला देऊ लागला.

मुलगा भारत ट्रान्सपोर्टच्या ऑफिसातून येताना बेकरीतले पाव आणायचा. लहानपणी त्याला ताप आला की केराबाई दुधात पाव कुस्करून द्यायची, ती चव त्याच्या लक्षात राहिली होती. तो बापापुढे वाटी घेऊन बसायचा आणि "आबा, एकच घास," म्हणायचा. धुळा एक घास घ्यायचा. पाव दुधात फुगून गिळगिळीत व्हायचा, घशाशी अडायचा आणि उलट यायचा. भारत उठून बाहेर जायचा. वाटीतलं ते फुगलेलं पांढरं केराबाई बघत राहायची.

शेजारची नरसम्मा चारू-भात, म्हणजे मिरी घातलेलं तिखट सार आणि भात, घेऊन आली. तिचं सगळं घर एके काळी हातमागावर कामाला होतं. "मेरेकू खांसी आयी तो मां ये ही देती थी, केराबाई. एकदम छाती मोकळी," असं तिच्या मिसळीच्या बोलीत म्हणत तिने चमचा भरवला. चारूतली मिरी धुळाच्या नाकातून बाहेर आली. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. नरसम्मा घाबरली, पदराने त्याचं तोंड पुसू लागली, आणि धुळा त्यातही म्हणाला, "छाती न्हाय नरसम्मा, टाळकं मोकळं झालं."

केराबाईला या कशाची किळस येत नव्हती. थुंकी, ओकारी, रात्री भिजलेलं अंथरूण, सगळं ती उघड्या हाताने काढायची. अडलेल्या मेंढीच्या पोटात कोपरापर्यंत हात घालून कोकरू ओढणारी बाई ती. मेंढरं विकून ते सोलापुरात आले, धुळा मंगल कार्यालयात रखवालीला राहिला, ती कडक भाकऱ्या करायच्या कामाला लागली, तरी हात तेच राहिले होते. पूनम हातमोजे घालायची. केराबाईला वाटायचं, माणसाला शिवायला मोजे कशाला?

मग एका दुपारी धुळाची थोरली बहीण बजाबाई केम गावाहून पॅसेंजरने आली. बसायच्या आधी तिने पिशवी सोडली आणि कापडात बांधलेलं पुरचुंडं भावाच्या उशाशी ठेवलं.

"हुलग्याचं पीठ हाय. भाजून, दळून आणलंय. माडगं करून घालते तुला. बग कसा उटून बसतोयस."

पुरचुंड्याची गाठ सुटली आणि भाजलेल्या हुलग्याचा वास खोलीत पसरला. केराबाईने पदर नाकाला लावला. तिने लावला असं म्हणणंही बरोबर होणार नाही, तिचा हात आपणहून वर गेला.

बजाबाईने ते पाहिलं. "हां! बगितलं का? आजून जिरली न्हाय हिची. आरं, माझ्या आईच्या हातचं माडगं हिला पयल्यापासनं घाण वाटायचं."

"वन्सं, तसं काय न्हाय."

"न्हाय कसं? लगीन हून आलीस तवा पयल्याच पावसात आईनं वाटी हातात दिली, तर तू भाईर जाऊन वकलीस. आई म्हनली बी, पोरगी मोट्या घरची दिसतीया. मोट्या घरची! बापाच्या पायात पायताण न्हवतं."

धुळा हसला. बऱ्याच दिवसांनी हसला. मग म्हणाला, "आक्का, तू नगं करूस."

"का रं?"

"तुझ्या हातचं लई खाल्लं की. तुझ्याकडं यायचो त्येच त्या माडग्यापायी." तो दम घेण्यासाठी थांबला. "हिच्या हातचं एकदा खायचंय."

बजाबाईने पुरचुंड्याची गाठ परत बांधली. केराबाईकडे कोणी बघत नव्हतं, पण सगळी खोली आपल्याकडेच बघते आहे असं तिला वाटलं. इतक्या वर्षांत त्याने कितीदा मागितलं असेल. कधी ती म्हणायची, हुलगं उष्ण असतात. कधी म्हणायची, दळण संपलंय. कधी नुसतीच उठून जायची. तो दुसऱ्यांदा मागायचा नाही, आणि हे ती त्याच्या चांगुलपणात धरत आली होती. आज तो दुसऱ्यांदा मागत होता, आणि आता टाळायला पुढचा पाऊस उरला नव्हता.

"करते की," ती म्हणाली. "उद्या करते."

बजाबाई दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने परत गेली, तिची म्हैस व्यायला झाली होती. जाताना दारात केराबाईचा दंड धरून हळूच म्हणाली, "केरे, नाक मुरडू नगंस गं त्येच्या म्होरं. येवढं कर."

भारत आणि पूनम कामावर गेले. केराबाईने पुरचुंडं ओट्यावर ठेवलं. आधण ठेवलं, गूळ टाकला, मीठ टाकलं, सुंठ ठेचली. पीठ पाण्यात कालवायची वेळ आली तेव्हा हात चालेना. तिने चमचा घेतला. चमच्याने गाठी राहू लागल्या. गाठी राहिल्या तर त्याला गिळता येणार नाही. शेवटी तिने बोटं पिठात घातली.

पीठ बोटांच्या बेचक्यांत शिरलं आणि तिला ओकारी आली. मोरीपर्यंत जाऊन ती वाकली. पोटात सकाळच्या चहाशिवाय काही नव्हतं, तोच कडू होऊन आला. तिने चूळ भरली, परत आली, परत बोटं घातली.

"व्हतंय का?" आतून धुळाने विचारलं. मधल्या दाराला पडदा होता, तो सरकवलेला होता. पलंगावरून त्याला ओटा दिसत होता. "केरे, वकलीस तू."

"व्हय."

"मग ऱ्हाऊ दे की."

तिने कालवलेलं पीठ आधणात सोडलं आणि ढवळायला लागली. त्याच्याकडे पाठ होती म्हणून बोलता आलं असावं.

"अवं, ऐकताय न्हवं? दुष्काळात आमच्याकडं एक घोडी हुती. बिऱ्हाड वाहायची. भिंगरी म्हनायचो."

"तट्टू?"

"तट्टूच. मेंढरं मेली निम्मी, निम्मी इकली. बा खडी फोडायला जायचा. घरात दाना न्हवता. भिंगरीचं हुलग्याचं पोतं तेवढं ऱ्हायलं हुतं. आईनं त्येच आमाला खायला सोडलं."

 मेंढपाळाच्या घरात जित्राबाआधी माणूस जेवत नाही. मेंढरं वाड्यात, घोडं पाण्यावर, कुत्र्याला तुकडा, मग चूल. धुळाच्याही घरात हेच होतं. त्याला समजावून सांगावं लागलं नाही.

"मी भाजायची, मीच दळायची. ती जात्याशेजारी बांधलेली. वास आला की दावं वढायची. दळून झालं की माझं हात चाटायची, बोटाबोटांत जीभ घालून. खरखरीत जीभ. आई म्हनायची, चाटू देऊ नगंस, हाताचं पीठ झाडून घे." माडगं खदखदायला लागलं, तिने गॅस बारीक केला. "मग भीमेकडं निघालो. बा म्हनला, हिला कुटं न्यायची, सोडा. सोडली. तर मागनं याय लागली. बा दगडं मारायचा. मलाबी मार म्हनला. मी मारलं. तरी याय लागली. माझ्या परकराला पीठ लागल्यालं, त्येचा काठ धरला तिनं दातात. सोडंना. बानं परकर फाडला. फडकं तिच्या तोंडातच ऱ्हायलं. चावत हुती. तशीच बसली खाली."

बाहेर नळाला पाणी आलं होतं. नरसम्माच्या घागरी वाजत होत्या.

"त्या सांजंला आईनं तीन दगडांवर माडगं केलं," केराबाई म्हणाली. "मी खाल्लं. पोटभर खाल्लं. वाटी चाटली." तिने गॅस बंद केला. "लई ग्वाड लागलं वं."

 धुळाने विचारलं, "घोडीला पोट हुतं का?"

"व्हय. पोटात शिंगरू हुतं."

"हं."

तिने माडगं गाळून वाटीत काढलं, निवू दिलं, पलंगाशी आणलं. हातांना वास होता तो होताच. तिने त्याच्या पाठीशी उशी लावली.

"आदी का न्हाय बोललीस?"

"काय बोलायचं? जनावराच्या तोंडचं खाल्लं म्हनून सांगायचं? सासरी?"

"मला वाटायचं..." तो वाटीकडे बघत म्हणाला, "आमची आई गरीब, आमचं खानं हलकं. म्हनून तुला घाण वाटतंय. आई मरस्तवर त्येच म्हनायची. मीबी त्येच धरून बसलो."

"तुमची आई लई चांगली हुती."

"हुतीच की. भिजून आलो का वाटी तयार. वाड्यात मेंढरांच्या उबीला बसून प्यायचं. भाईर पाऊस." त्याने चमचा घेतला. तिला भरवू दिलं नाही.

पहिला चमचा गेला. ती त्याच्या गळ्याकडे बघत होती. अडला, मग खाली गेला. दुसरा गेला. त्याने डोळे मिटले, आणि त्याच्या तोंडावर असं काही आलं की तिला खोलीतून उठून जावंसं वाटलं. इतकं सुख, आणि त्या वासावर. जगात दोन माणसं एका वाटीकडे बघतात आणि एकाला आई दिसते, दुसऱ्याला ते दात, याला काय म्हणावं हे मला तरी कधी उमगलेलं नाही.

"गूळ कमी हाय," डोळे उघडून तो म्हणाला.

"आनू?"

"नगं. ब्येस हाय."

निम्मी वाटी झाली आणि तो थांबला. श्वास लागला होता, कपाळावर घाम आला होता. आता पुढे जाणार नव्हतं, हे दोघांनाही कळलं. त्याने वाटी तिच्याकडे सरकवली. लग्न झाल्यापासून तो असंच करायचा. ताटात थोडं मुद्दाम मागे ठेवायचा, भाकरीचा मऊ भाग, रश्शातली चांगली फोड, आणि ताट तिच्याकडे सरकवायचा. त्याच ताटात ती जेवायला बसायची. दोघांमध्ये लाडाचं बोलणं कधी झालं नाही. जे काही होतं ते त्या ताटात असायचं.

केराबाईने हात पुढे केला. तिने नाही म्हटलं नाही, म्हणायचं तिच्या मनातही आलं नाही. वाटी हातात घेतली आणि तोंडाकडे नेताना तिच्या नाकपुड्या आक्रसल्या, ओठ घट्ट मिटले. बजाबाईचं बोलणं आठवून तिने चेहरा सरळ करायचा प्रयत्न केला. तो होईना.

धुळा बघत होता.

"आण हिकडं," तो म्हणाला.

"अवं, तुमाला न्हाय जायचं आता."

"आण म्हनतोय न्हवं."

त्याने तिच्या हातातून वाटी काढून घेतली. चमचा बाजूला ठेवला आणि वाटीच तोंडाला लावली. एक घोट. थांबला. पाठ वाकली, खांदे उडाले. दुसरा घोट. माडगं हनुवटीवरून गळ्यातल्या काळ्या दोऱ्यापर्यंत ओघळलं. ती पुसायला गेली तर त्याने कोपराने तिचा हात बाजूला केला. "तू नगं हात लावूस," तो म्हणाला, आणि परत वाटी तोंडाला लावली. तळाशी बसलेला साका त्याने बोटाने काढला आणि तोही खाल्ला. वाटीत काही उरलं नाही.

मग पोटातून ते वर येऊ लागलं. केराबाईने पलंगाखालचं घमेलं ओढून त्याच्यापुढे धरलं. त्याने मान हलवली. खांद्यावरचा पंचा घेतला, गोळा करून तोंडावर दाबून धरला आणि डोळे गच्च मिटून बसून राहिला. त्याच्या गळ्याची घाटी वर येत होती, खाली जात होती. ती घमेलं धरून तशीच समोर बसली.