खुंटीवरचा एकोणीस

"सात पोचले!" तळ्यातून आवाज आला.

"बावीस परत आले हो, काका!"

मनोऱ्यावर बसलेल्या शिट्टीकाकांच्या कपाळाला आठ्या पडल्या. या पोहण्याच्या घाटावर त्यांची सव्वीस वर्षं गेली होती. पाण्यात उतरताना आपल्या आकड्याचा बिल्ला खुंटीवर लावायचा, बाहेर आल्यावर काढायचा. बिल्ले आणि डोकी जुळवायचं काम काकांचं. पण गेला आठवडाभर जो तो साठ मीटरवरच्या लाल पिंपापाशी पोचला की आपला आकडा ओरडत होता. परतला की पुन्हा.

आणि नेमकी याच वेळी काकांना डोळे तपासून घेण्याची घाटाच्या ऑफिसची चिठ्ठी आली होती.

"हे खूळ कोणाचं, बाई?" त्यांनी टोपी पिळणाऱ्या मास्तरीणबाईंना विचारलं.

"गंमत हो, काका."

"तुमच्या सत्तरीत कसली गंमत? ऑफिसातून कोणी भेटलं होतं ना?"

"तुम्हाला उठता-बसता ऑफिस दिसतं," बाई म्हणाल्या आणि नजर चुकवून निघून गेल्या.

काकांची खात्रीच पटली. आपल्यावर पाळत आहे. दुसऱ्या दिवशी घाट उघडण्याआधी त्यांनी कोणाचाच नसलेला एकोणीस नंबरचा बिल्ला खुंटीवर अडकवला. बघू, कोण काय टिपून घेतं ते!

नऊला सगळे बाहेर आले. अंग पुसता पुसता बाईंचं लक्ष खुंट्यांच्या फळीकडे गेलं.

"एकोणीस आत आहे!"

सहाजण धडाधड पाण्यात पडले. मनोऱ्याकडे एकानेही मान वर करून पाहिलं नाही.

काकांनी शिट्टी फुंकली. "या बाहेर! मीच लावलाय तो."

बाई मनोऱ्याखाली येऊन उभ्या राहिल्या. 

"गेल्या मंगळवारी पिंपापाशी माझ्या पायात गोळा आला, काका. मी हात हलवत होते. तुम्ही हसलात आणि उलट हात केलात."

काका हळूच म्हणाले, "ऑफिसला का नाही कळवलंत?"

"सव्वीस वर्षं तुम्ही आम्हाला मोजलंत. म्हटलं, थोडे दिवस आपलं आपण मोजू."

एकेक पायरी पायाने चाचपत काका खाली उतरले. गळ्यातली शिट्टी काढून त्यांनी एकोणीसच्या खुंटीला अडकवली. सवयीने मान तळ्याकडे वळली. लांब काहीतरी पांढरं हलत होतं.

"बाई," त्यांनी विचारलं, "ते काय आहे?"

"बदक आहे, काका."