न उजळलेली दीर्घिका

कल्पिताला शंका आली ती नेमकी सत्काराच्या सकाळी. मेल्या शंकेला दुसरा दिवस मिळू नये!

झालं होतं असं, की दक्षिण ध्रुवावरच्या बर्फात एक न्यूट्रिनो सापडला. कशालाही न अडता आरपार जाणारा कण, पण हा अडकला. तो आकाशाच्या ज्या तुकड्याकडून आला, तिकडे कल्पिताच्या गटाने रेडिओ दुर्बीण लावली, तर तिथली एक दीर्घिका पूर्वीपेक्षा चांगलीच उजळलेली. म्हणजे हिनेच धाडला! शोधनिबंधात कल्पिताचं नाव पहिलं. निबंध पाठवायच्या आधीच बातमी पेपरात आली, आणि श्रीवर्धनकडच्या तिच्या कोळीवाड्यात मच्छीमार सोसायटीने मांडव घातला.

ओट्यावर लॅपटॉप घेऊन बसलेल्या कल्पिताने सहज म्हणून त्याच चित्रातले शेजारचे बारके ठिपके किती तेजस्वी आहेत ते मोजलं. तेही उजळलेले, सगळे सारख्याच पटीत! एकमेकींशी काडीचा संबंध नसलेल्या दीर्घिका एकदम कशा उजळतील? तिने जुने आकडे काढून ताडून पाहिले. जिच्याशी ताडून बाकीच्यांचं तेज ठरवायचं, ती मापाची दीर्घिकाच मंद झाली होती, आणि सगळे शहाणे तिचं तेज कायम आहे असं धरून बसले होते. तागडीतलं वजन झिजलं की पापलेट भारी भरतं, तसलाच प्रकार.

तिने तिच्या गाइडना, विनिता मॅडमना, फोन लावला.

"निबंध आजच जातोय," सगळं ऐकून मॅडम म्हणाल्या. "दुरुस्ती नंतर देऊ."

"चूक ठाऊक असताना पाठवायचा? मग माझं नाव काढा."

"कल्पिता, पीएचडी माझ्याकडेच करायचीय ना तुला?"

"करायचीय. पण खोट्यावर नाही." तिने फोन ठेवून दिला.

आई, केसर, दारातच उभी होती. "डोकं फिरलंय काय गो तुझं? तुला पुण्याला शिकाया धाडली तवा हाच बाळाजी चेअरमन चारचौघांत हसला व्हता मला. आज त्याच्याच हातनं शाल घ्यायची. गप उभी ऱ्हा नि घे. कण कुणी धाडला ते इथं कुणाला कळतंय?"

"मला कळतंय, आये."

"मंग काप माझं नाक!" केसर तणतणत आत गेली.

संध्याकाळी मांडव गच्च भरला. बाळाजीने लांबलचक भाषण ठोकून शाल उचलली, तोच कल्पिताने माईक ओढून घेतला. समोर पत्रकाराचा मोबाईल चालू होता. हे मॅडमपर्यंत पोचणार, तिला पक्कं ठाऊक होतं. पोचू दे!

"शोध लागलेला नाही. आमचं मोजमाप चुकलं, ती दीर्घिका उजळलीच नव्हती. न्यूट्रिनो कुठून आला, अजून कुणालाच माहीत नाही. निबंध गेला असेल तर चुकीचा गेलाय, आणि तसं मी नियतकालिकाला लिहून कळवणार आहे."

मांडवात कुजबुज सुरू झाली. बाळाजीने शाल खुर्चीवर टाकली. "मंग सत्कार कसला करायचा? मी तवाच म्हनत व्हतो, पोरीला शिकवून..."

"बाळाजी!" बायकांच्या रांगेतून केसर उठली. डोळे भरलेले, पण आवाज खणखणीत. "हसायचं ते मला हस. तिला न्हाय."

ती तरातरा वर आली आणि तिने लेकीचं मनगट धरलं.

"लिवून कळवनार म्हणालीस ना? मंग हितं काय उभी ऱ्हायलीस? चल घरी, लिव."