चोवीस की पंचवीस

२००३ सालची ही गोष्ट. मी तेव्हा एका छापखान्यात संगणकावर बसत असे. लोकांनी आणलेल्या फायली मशीनवर जाण्याजोग्या करून द्यायच्या, हे माझं काम.

माझ्या थोरल्या जाऊबाई शिवणकाम शिकवायच्या. चाळीस वर्षं लहान मुलांचे कपडे बेतून त्यांच्या वहीत मापंच मापं साठली होती. त्यांचं पुस्तक करायचं ठरलं. मोठाली पानं, प्रत्यक्ष आकाराच्या आकृत्या. कागद कापायचा आणि थेट कापडावर ठेवायचा. वहीतले आकडे बघून सगळ्या आकृत्या मीच संगणकावर रेखाटल्या.

नमुना छापून झाला त्या सकाळी जाऊबाई आल्या. बाकीचे लोक नमुना वाचतात. यांनी गळ्यातली टेप काढून पानावर लावली.

"अगं, छातीची ही रेघ पंचवीस सेंटिमीटर हवी. चोवीसच भरतेय."

मी स्क्रीनवर पाहिलं. "जाऊबाई, इथे पंचवीसच आहे. तंतोतंत."

"मग टेप सैल पडलीय," मशीनवाला म्हणाला. तो सतत घाईत, म्हणून सगळे त्याला 'घाई'च म्हणत. "कापडी टेप ताणते, मावशी. किती जुनी आहे?"

"माझ्या धाकट्याच्या वयाची."

"मग झालं की! पंचवीसला चोवीस सांगतेय. ताई, करा फाइल पक्की. मशीन रिकामं उभं आहे."

"अरे, पण एकही गिऱ्हाईक कधी माझ्याकडे तक्रार घेऊन आलं नाही!"

"कशाला येईल? पोराचा कपडा ढगळ झाला तर आई म्हणते, बरं झालं, पुढच्या वर्षीही होईल."

मला हसू आलं. जाऊबाई मात्र हसल्या नाहीत. टेप मुठीत धरून स्टुलावर बसल्या. माझी एखादी टीप वाकडी गेली की "डोळे गहाण टाकलेस का?" म्हणणारी ही बाई, एकदम लहान दिसायला लागली.

"म्हणजे वहीतली सगळी मापं खोटी?" त्या हळूच म्हणाल्या. "पोरींना मी हेच शिकवलं गं."

मी कागद कापायच्या टेबलावरची स्टीलची पट्टी उचलून आणली आणि तिच्यावर टेप ठेवली. शून्याला शून्य. दहाला दहा. पंचवीसला पंचवीस, केसाचाही फरक नाही. मग तीच पट्टी पानावर ठेवली. चोवीस!

घाईनं माझ्याकडे पाहिलं. मी छपाईची खिडकी उघडली. 'कागदात बसवा' या चौकटीत बरोबरची खूण तशीच होती. ती असली की कडा कापल्या जाऊ नयेत म्हणून संगणक अख्खं पान थोडं लहान करतो. कादंबरीत ते कोणाच्या बापाला कळत नाही. इथे प्रत्येक फ्रॉक तंग झाला असता.

"जाऊबाई, टेप खरी आहे! गाढव मी आहे!" मी जवळजवळ ओरडलेच. स्वतःची चूक निघाल्याचा इतका आनंद मला आयुष्यात पुन्हा झाला नाही.

"गाढव तर तू आहेसच," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "घरात आलीस तेव्हापासून सांगतेय."

"मावशी, चुकलो," घाई पुटपुटला.

"ते राहू दे. तुझ्या शर्टाच्या बाह्या आखूड आहेत. ये एकदा, माप घेते."

खूण काढून मी नमुना पुन्हा छापला. जाऊबाईंनी चौसष्टही पानं टेप लावून मोजली. घाई मशीनपाशी हाताची घडी घालून उभा राहिला. दुपारी दोनला त्या म्हणाल्या, "हं, चालू दे."

जाऊबाई त्यानंतर अकरा वर्षं जगल्या आणि शेवटची दोन सोडली तर शिकवत राहिल्या. पुस्तक तीनदा छापलं गेलं. घाईनं मुलाच्या गावी जाऊन स्वतःचं छोटं मशीन टाकलं, ते नातू चालवतो म्हणे. छापखान्यात आता औषधांची खोकी छापतात. मी आणखी सात वर्षं नोकरी केली. माप न घेता एकही फाइल पुढे दिली नाही.