शेजारच्या सीटचा भाव

पावाच्या व्हॅनचा हँडब्रेक सुटला आणि ती उतारावरून घरंगळत येऊन डिम्पना स्केहिलच्या निळ्या गाडीवर आदळली, तेव्हा डिम्पना चर्चमध्ये मेणबत्ती लावत होती. मेयो परगण्यातल्या त्या गावात उतार एक, चर्च एक, पावाची व्हॅनही एकच. तिघांनी मिळून नेमकी हीच गाडी गाठली. ड्रायव्हरने जागच्या जागी चूक कबूल केली. डिम्पनाचा काही दोष नाही, असं पोलिसाने वहीत लिहिलं. गाडीत कोणी नव्हतं, असंही लिहिलं. त्यातली पहिली गोष्ट खरी होती.

दुसरीबद्दल डिम्पना गप्प राहिली. तिचा थोरला भाऊ मॅलकी वारून तीन वर्षं झाली होती, पण शेजारची सीट त्याने सोडली नव्हती. जन्मभर गुरांचा व्यापार केला, पण हा माणूस गाडी चालवायला काही शिकला नाही. चाळीस वर्षं डिम्पनानेच त्याला बाजारोबाजार फिरवलं, आणि चाळीस वर्षं त्याने डावीकडे बसून तिच्या चुका मोजल्या. पट्टा मात्र कधी लावला नाही. त्याला पुरल्यावर चौथ्या दिवशी ती एकटी दुकानाला निघाली, तर गाडी पिंग-पिंग करू लागली. शेजारच्याने पट्टा लावला नाही, असा लाल दिवा. सीट रिकामी. तिने पट्टा ओढून रिकाम्या सीटवर लावला, तसा आवाज थांबला.

मेकॅनिकने सेन्सर दोनदा बदलला. तिसऱ्यांदा ती गेलीच नाही. रोज निघताना आधी त्याचा पट्टा लावायचा, मग स्वतःचा, असा नेम पडला. भीती वाटायची का? वाटायची तर. थंडीत काच आतून धुरकट व्हायची ती डावीकडचीच, आणि वळणावर ओल्या लोकरी कोटाचा वास यायचा. पण भीतीचीही सवय होते. भावाची झालीच होती की.

व्हॅनवाल्याच्या विमा कंपनीने फोटो मागवले आणि पत्र धाडलं: गाडी तेरा वर्षांची, दुरुस्तीचा खर्च किमतीहून जास्त, तेव्हा अठराशे युरो घ्यावेत, सोबतच्या कागदावर सही करावी, भंगार आम्ही उचलू. तशी गाडी अठराशेत कुठेच मिळत नव्हती. पण दुकान अकरा किलोमीटरवर, बस फक्त गुरुवारी, आणि शेजारच्या पाकी डर्कनच्या ट्रॅक्टरवर बसून अडुसष्टाव्या वर्षी कितीदा मिरवायचं? देतायत ते घ्यावं म्हणून एका सकाळी तिने पेन उचललं.

अंगणात हॉर्न वाजला. एकदाच, लांब.

ती दारात गेली. पाकीने ट्रॅक्टरने ओढून आणलेली चेपलेली गाडी होती तशीच उभी. तिची बॅटरी पाकीने पहिल्याच आठवड्यात काढून नेली होती, ती आता त्याच्या मेंढ्यांच्या विजेच्या कुंपणाला जोडलेली होती. डिम्पना आत आली, पेन पुन्हा टेकवलं, आणि हॉर्न पुन्हा वाजला. तिने पेन ठेवून दिलं. मग लागोपाठ दोन कप चहा प्यायली.

पाकी तरुणपणी मॅलकीचा मध्यस्थ होता. गुरांच्या बाजारात घेणारा आणि विकणारा अडून बसले की दोघांची मनगटं धरून हातावर हात आपटवणारा माणूस. त्याला हॉर्नचं सांगितलं, तर त्याला जराही नवल वाटलं नाही. म्हणाला, "पहिल्या बोलीला त्याने कधी वासरूसुद्धा दिलं नाही. स्वतःची सीट देईल?"

मग दोघांनी मिळून हरकतीचं पत्र लिहिलं. त्याच वर्षाच्या, तेवढ्याच चाललेल्या तीन गाड्यांच्या जाहिराती कापून जोडल्या. सगळ्यात स्वस्त गाडी तीन हजारांची. दीड महिन्याने उत्तर आलं, बावीसशे. डिम्पनाने सही करायला घेतली आणि हॉर्न असा काही वाजत राहिला की पाकीच्या मेंढ्या कुंपण मोडून रस्त्यावर गेल्या. तिने दुसरं पत्र लिहिलं आणि त्यात तक्रार वरपर्यंत नेण्याची भाषा वापरली. अंगणातून काही आवाज आला नाही. म्हणजे पसंत होतं.

"तुला काय हवंय तरी काय?" एका दुपारी तिने मोडक्या खिडकीशी उभं राहून विचारलं. "मला दुकानाला जायचंय रे. तुझं ठीक आहे, तुला भूक नाही."

समोरची काच डावीकडून हळूच धुरकट झाली.

अखेर कंपनीने सर्व्हेअर पाठवला. फिंटन लूबी नावाचा टिपररीकडचा पोरगेला माणूस, पायात नवे बूट, काखेत टॅब्लेट. त्याने गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, चाकं पाहिली आणि सांगितलं की पंचवीसशेच्या वर जायची त्याला मुभा नाही. हॉर्न वाजला. तो हसला, बॉनेट उघडलं, बॅटरीची रिकामी जागा पाहिली आणि त्याचं हसू तिथेच राहिलं. लाज वाटत होती डिम्पनाला, घरातलं माणूस पाहुण्यांसमोर विचित्र वागलं की वाटते तशी.

एव्हाना पाकी भिंतीवरून आला होता. त्याने लूबीला त्याच्या घरादाराविषयी विचारलं. आजोबा गुरं विकायचे, असं कळल्यावर पाकीचा चेहरा उजळला.

"मग तुला रीत ठाऊक आहे. आकडा सांग. मला नको, तिला नको, तिकडे बघून सांग."

"कुणाकडे बघून?"

"डावीकडच्या सीटकडे. आणि टोपी काढ, तो तुझ्याहून मोठा आहे."

लूबीने टोपी काढली. सव्वीसशे म्हणाला. हॉर्न. सत्तावीसशेलाही हॉर्न, तेव्हा तो मागे फिरून फाटकापर्यंत चालत गेला, कारण आजोबा असेच जायचे, आणि पाकीने त्याला बाहीला धरून परत आणलं, कारण तीही रीतच. एकोणतीसशेला हॉर्न वाजला नाही. पाकीने त्याला तळहातावर थुंकायला लावलं, मनगट धरलं आणि त्याचा हात मोडक्या खिडकीतून आत आपटला.

टाळीचा आवाज तिघांनी ऐकला. लूबीने हात बाहेर काढला तो निळसर पडला होता, आणि मुठीत एक नाणं होतं. हरणाचं चित्र असलेला जुना पौंड.

डिम्पनाने तो लगेच ओळखला. सौदा पटला की विकणाऱ्याने घेणाऱ्याला थोडे शकुनाचे पैसे परत करायचे, त्याशिवाय व्यवहार पुरा होत नाही. युरो आले तरी मॅलकी शकुनाला हाच पौंड द्यायचा. त्यासाठी त्याने डबाभर पौंड साठवले होते. आणि शकुन दिलेला माल तो कधी परत मागायचा नाही.

तिने सही केली. हॉर्न गप्प. दोन दिवसांनी क्रेन आली आणि निळी गाडी घेऊन गेली.

पैसे आले, तिने एक करडी जुनी गाडी घेतली. पहिल्या सकाळी तिने सवयीने डावीकडचा पट्टा लावला, मग स्वतःचा, आणि निघाली. वळणावर कसला वास नाही. काच स्वच्छ. अर्ध्या वाटेत तिने गाडी थांबवून तो पट्टा काढला आणि इंजिन चालू ठेवून वाट पाहिली.

पिंग नाही.

अकरा किलोमीटर एवढे लांब असतात हे तिला चाळीस वर्षांत कळलं नव्हतं. भूत होतं तेव्हा ती रात्री दिवा मालवून झोपायची. आता दिवा ठेवू लागली.

महिन्याभराने लूबीचा फोन आला. आवाज खाली गेलेला. त्या दिवशी गावाबाहेर पडल्यापासून त्याची गाडी पिंग-पिंग करतेय, पट्टा लावला की थांबते. कुणाच्याही दारी गेलं आणि कमी आकडा बोललं की मागून हॉर्न वाजतो. आता चार परगण्यांतले लोक त्यालाच पाठवा म्हणतात आणि साहेब कारण विचारतात. "मिस स्केहिल, हे परत कसं करायचं?"

"शकुन घेतलात ना," ती म्हणाली. "मग परत होत नाही."

मग तिने विचारलं, "पट्टा फार घट्ट नाही ना लावत? त्याला पोटावर काचतो."

त्या संध्याकाळी तिने टेबलाशी बसून कंपनीला पत्र लिहिलं. एकोणतीसशेची रक्कम आपल्याला कमी वाटते, हरकत आहे, सर्व्हेअर पाठवावा. पैसे मिळून सही झालेली, नियमात ते बसत नव्हतं. पण लूबी आला. चहा झाला, फळांचा केक झाला, रकमेचा विषय दोघांनीही काढला नाही. मग त्याने न मागताच किल्ली टेबलावर ठेवली आणि आणखी एक तुकडा घेतला.

डिम्पना अंगणात गेली. त्याच्या गाडीत चालकाच्या जागी बसली. डावीकडचा पट्टा आधीच लावलेला होता, मधोमध जरासा फुगून ताणलेला. तिने स्वतःचा लावला.

"दुकानापर्यंत जाऊन येऊ," ती म्हणाली. "आणि गिअरबद्दल एक शब्द बोलायचा नाही."

डावीकडची काच धुरकट होऊ लागली.