दुसऱ्या रांगेतलं शेवटचं घर

पहिली लाथ सरसाच्या बादलीला बसली आणि दुसरी धाकट्याच्या बरगडीत.

"लाल म्हणालो मी, लाल! हा काय लाल आहे? पाळणाघर रंगवतोयस का?"

धाकटा कोपरावर आपटला होता. रंगात घालायचा कोमट सरस त्याच्या पँटवरून ओघळून बुटात शिरत होता. त्याने बरगडी चाचपली, मोडलेली नाही असं ठरवलं आणि पडल्या पडल्याच विचारलं, "मग कसला लाल? एकदा नीट सांग ना."

"ओरडण्याचा."

"दादा, ओरडण्याचा लाल डब्यात येत नाही. डब्यावर नाव असतं. नाव सांग."

दादा त्याच्यावर थुंकला. नाव ठाऊक असतं तर सांगितलं नसतं का त्याने? सगळं घोडं तिथेच तर पेंड खात होतं.

हा दादा म्हणजे नाटकाचे पडदे रंगवणारा माणूस, आणि साधासुधा नव्हे. त्याने रंगवलेल्या समुद्रासमोर पहिल्या रांगेतले लोक पाय वर घेऊन बसत, असं त्याची चेष्टा करणारेसुद्धा कबूल करायचे. दोन वर्षांपूर्वी नाट्यगृहात पडदा वर ओढायच्या दोराचं लोखंडी वजन सुटलं आणि खाली दादाचे हात होते. दोन्ही हात मनगटापासून गेले. डॉक्टर म्हणाले, जीव वाचला हे नशीब. दादा त्या डॉक्टरला चावला. खोटं नाही सांगत, दंडाला चावला.

त्यानंतर त्याने दोनदा मरून पाहिलं. एकदा दातांनी झाकण उघडून टर्पेंटाइन प्यायला, एकदा रंगमंचावरून खाली डोक्यावर पडला. दोन्ही वेळा धाकट्याने त्याला उचलून नेलं. दुसऱ्या वेळी रक्ताने माखलेलं डोकं मांडीवर घेऊन धाकटा लहान मुलासारखा रडला, तेव्हा दादा म्हणाला, "माझ्या डोक्यात एक चित्र आहे. चाळीस वर्षं आहे. हात होते तेव्हा काढायचं धाडस झालं नाही. आता तू काढ, मी सांगतो. ते बाहेर आलं तर जगेन. नाही आलं तर डोकं फोडून बाहेर काढीन, मग येऊ नकोस उचलायला."

बस. त्या दिवसापासून धाकट्याने आपली सगळी कामं बाजूला सारली. तो पाट्या रंगवणारा. 'येथे चप्पल काढू नये', 'भिंतीला टेकू नये', असलं लिहून पोट भरणारा. त्याची बायको म्हणाली, "तुमचा भाऊ एक दिवस तुमचा जीव घेईल, आणि तुम्ही मरता मरता विचाराल, दादा, आता कुठला रंग देऊ?" धाकटा हसला होता. आता बरगडी धरून उठताना त्याला ते आठवलं, पण हसू आलं नाही.

काम चालायचं ते धंद्याच्या जुन्या रीतीने. पडद्याचं कापड जमिनीवर ताणून खिळवायचं, खडूत घोळवलेल्या सुताने रेघा मारून त्याची चौकोनी घरं पाडायची, आणि एकेक घर रंगवत जायचं. आठ रांगा, रांगेत बारा घरं, एकूण शहाण्णव. खाली गुडघ्यावर बसून रंगवणाऱ्याला नाकासमोरचं घर तेवढं दिसतं. अख्खं चित्र बघायचं तर कोपऱ्यातल्या उंच शिडीवर चढायचं. आणि दादाची सक्त ताकीद होती, मी सांगितल्याशिवाय शिडीवर पाय ठेवायचा नाही.

एरवी घरं पाडतात ती लहान नकलेवरून मोठं चित्र उतरवायला. इथे नक्कल होती दादाच्या डोक्यात. तो स्टुलावर बसून डोळे मिटायचा आणि सांगायचा, "चौथ्या रांगेतलं पाचवं. डावीकडून काळं येतं. सरळ नाही, घुसतं. उजवीकडे पांढरं आहे, पण पांढरं नाही, भ्यालेलं पांढरं." धाकटा सफेद्यात राखाडी मिसळायचा. दादा डोळे उघडून बघायचा आणि किंचाळायचा, "हे भ्यालंय? हे पेंगतंय!" मग लाथ. कधी डबा, कधी स्टूल, आणि फारच चुकलं तर मनगटाचे थोटे सरळ धाकट्याच्या तोंडावर. एकदा दात पडला. धाकट्याने तो खिशात टाकला आणि घर पुन्हा रंगवलं.

मुकाट्याने मार खात होता असंही समजू नका. एकदा त्याने दादाला कॉलर धरून भिंतीवर आपटलं होतं. "मला दिसत नाही रे तुझ्या डोक्यातलं! मी काय तिथे जाऊन बसू?" त्यावर दादा कपाळ भिंतीवर आपटत राहिला. "शब्द सापडत नाहीत. दिसतंय सगळं. तोंडात आलं की वेगळंच होतं." टेंगूळ येईपर्यंत आपटलं. शेवटी धाकट्यानेच त्याचं डोकं दोन्ही हातांनी धरून थांबवलं.

पण तीन महिन्यांत काहीतरी जमत गेलं. धाकट्याला कळलं की दादाच्या शब्दांकडे बघायचं नाही, ते बोलताना त्याच्या मानेची शीर कशी ताठते ते बघायचं. शीर ताठली की ब्रश दाबायचा. ओरडण्याचा लालही मिळाला, गेरूत काजळी आणि मूठभर वाळू घालून. तो बघून दादा स्टुलावरून खाली घसरला आणि ओकला. धाकट्याने ओळखलं की रंग बरोबर आहे.

असं करत करत पंचाण्णव घरं झाली. राहिलं एक, दुसऱ्या रांगेतलं शेवटचं. दर वेळी तिथे आलं की दादा म्हणायचा, "ते राहू दे. पुढे चल."

त्या दिवशी दुपारी दादा मारून मारून पुन्हा फाटलेल्या थोट्यांची मलमपट्टी बदलायला दवाखान्यात गेला होता. पडदे रंगवायच्या शेडमध्ये धाकटा एकटाच होता, आणि शिडी समोर होती. तीन महिने दम धरला, आणखी एक तास धरवला नाही. तो चढला. वरून बघितलं, आणि दोन्ही हातांनी शिडीची पायरी घट्ट धरली.

त्यांचं स्वयंपाकघर होतं ते. लहानपणचं. भिंतीवरच्या घड्याळाने खाली पाहावं तसं दिसणारं. उलटलेलं टेबल, फुटलेली बरणी, आणि मधोमध बाप. बापाचा पट्टा गुंडाळलेला हात छतापर्यंत गेलेला, पाठ अख्खी खोली व्यापून बसलेली. त्याच्या पायांशी आई. तिचं तोंड दाराकडे वळलेलं, उघडं. लांब कोपऱ्यात तपकिरी दार, आणि दाराला लागूनच ते एक कोरं घर.

आई जिन्यावरून पडून गेली, असं जगाला सांगितलं होतं. बापाने सांगितलं, डॉक्टरने लिहिलं, शेजाऱ्यांनी मान डोलावली. धाकटा तेव्हा चार वर्षांचा होता. आईनेच त्याला उचलून कपड्यांच्या कपाटात बसवलं होतं, गप्प बस म्हणाली होती. त्याने पाहिलं काहीच नव्हतं. ऐकलं मात्र सगळं होतं. आणि जे ऐकलं ते त्याने आजवर बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं.

तो खाली उतरला. काय करावं सुचेना, तेव्हा माणूस हाताला सवय असलेलं काम करतो. धंद्याचा एक नियम होता, दादानेच कधीकाळी शिकवलेला. सांगायचं राहिलेलं घर कोरं ठेवायचं नाही, शेजारच्या रंगात बुडवायचं. शेजारी दाराचा तपकिरी होता. धाकट्याने मोठा ब्रश भरला आणि रंगाचे दोन हात मारून ते घर तपकिरी करून टाकलं.

दादा परत आला तेव्हा रंग अजून ओला होता. त्याने पाहिलं, आणि त्याच्या घशातून जो आवाज निघाला तो माणसाचा नव्हता.

"बुजवलंस! तूसुद्धा बुजवलंस!"

तो सरळ डोकं पुढे करून धावला. धाकट्याच्या छातीवर कपाळ बसलं, दोघं रंगाच्या डब्यांवर कोसळले. दादाने त्याचा कान दातांत धरला. धाकट्याने गुडघा मारला. ताजी पट्टी सुटून थोट्यातून रक्त येऊ लागलं, तरी दादा त्याच थोट्यांनी त्याच्या तोंडावर दणादण मारत होता. धाकट्याच्या भुवईचं कातडं फाटलं. मग मात्र त्याचंही डोकं फिरलं. त्याने दादाला उताणा पाडला, छातीवर गुडघा रोवला आणि मुठीने मारलं. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. नाकाचं हाड मोडल्याचं हाताला कळलं.

"तुला काय माहीत रे त्या दिवसाचं? तू तर दूध आणायला गेला होतास! कपाटात मी होतो! ती हाका मारत होती, 'अरे, ये ना रे, ये ना रे', आणि मी कपड्यांत तोंड खुपसून बसलो. बाहेर येऊन त्याच्या पायाला चावलो असतो तरी ती वाचली असती. रोज ऐकू येतं मला ते, रोज! मलाच बोलावत होती ती. घरात दुसरं कोणी नव्हतं!"

दादाच्या तोंडातून रक्ताचा बुडबुडा आला. तो फुटला.

"होतं," दादा म्हणाला.

धाकट्याची मूठ वर होती ती वरच राहिली.

"दूध आणून झालं होतं. मी आत आलो, आणि बापाने दाराला कुलूप घातलं. किल्ली माझ्याकडे दिली. म्हणाला, खिशात ठेव, बाहेर काढलीस तर पुढची पाळी तुझी. शेजारी बाहेरून दार ठोकत होते. उघडा म्हणत होते. आणि मी दाराला पाठ लावून उभा. ती मला बोलावत होती, धाकट्या. माझ्याकडे बघून. तू कपाटात आहेस हे तिला ठाऊक होतं, तुला ती कशाला बाहेर बोलावेल?"

चाळीस वर्षं! चाळीस वर्षं धाकटा स्वतःला भित्रा म्हणत आला. पाट्या रंगवून जगला, मूल होऊ दिलं नाही, का तर आपल्यासारख्याच्या हाती मूल द्यायचं नाही. आणि हा मनुष्य शेजारच्या खोलीत झोपून समुद्र रंगवत होता. धाकट्याचे हात दादाच्या गळ्यावर गेले कधी ते त्यालाच कळलं नाही. अंगठे रुतले. दादाने डोळे मिटले. थोटे उचललेसुद्धा नाहीत.

"दाब," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "मी सांगितलं असतं तर तू तेव्हाच दाबला असतास. म्हणूनच नाही सांगितलं."

धाकट्याने दाबला. दादाचा चेहरा जांभळा झाला, पाय कापडावर घासू लागले, टाच ओल्या तपकिरी रंगात गेली. तो टाचेचा ओरखडा धाकट्याला दिसला. पुसट, उभा, रंगाखालून वर आलेला कापडाचा पांढरा. दाराशी कोणी उभं असावं तसा.

त्याने हात काढले. बराच वेळ दोघंही नुसते खोकत आणि धापा टाकत पडून राहिले.

मग धाकटा उठला. फडकं ओलं करून ते घर पुसून काढलं, कोळशाचा तुकडा घेतला आणि गुडघ्यावर बसला. दादाकडे न बघता म्हणाला, "सांग."

"शाळेचे बूट," दादा म्हणाला. "डाव्याची नाडी सुटलेली. पाय जुळवलेले. चड्डी ओली झालेली, पुढून."

आज तो किंचाळत नव्हता, आणि शब्दही अडत नव्हते. एकेक साधा शब्द येत होता आणि धाकट्याचा कोळसा त्याच्यामागून जात होता.

"हात?"

"खिशात."

"तोंड?"

"बापाकडे नाही. आईकडेही नाही. घड्याळाकडे बघतोय. कधी संपेल म्हणून."

धाकट्याने ते तसं काढलं. रंग भरला. भुवईतलं रक्त टपकत होतं, ते मनगटाने पुसत भरला. मग शिडी ओढून आणली आणि वर चढला.

वरून त्याने बघितलं, पुन्हा बघितलं, आणि काय झालं कोण जाणे, तो घरं मोजायला लागला. बापाला बावीस घरं लागली होती. आईला नऊ. किल्लीवाला मुलगा बुटांपासून डोक्याच्या केसांपर्यंत त्या एका घरात मावला होता आणि वर चार बोटं जागा उरली होती.

"दादा, वर ये."

"हात कुठे आहेत मला, शिडी चढायला?"

शिव्या घालतच धाकटा खाली उतरला. दादाला पुढे घातलं, आपलं डोकं त्याच्या पाठीला लावलं आणि एकेक पायरी ढकलत वर नेलं. त्याने माफ वगैरे काही केलं नव्हतं. कान ठणकत होता, गळा दाबायची ओढ अजून बोटांत होती. वर पोचल्यावर त्याने दादाचं मुंडकं धरून त्या कोपऱ्याकडे वळवलं.

"बघ. केवढासा होतास रे तू."

दादा बघत राहिला. मोडक्या नाकातून श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज येत होता. मग तो शिडीवरून घसरू लागला, आणि धरायला हात नव्हते म्हणून धाकट्याने त्याला शिडीशी दाबून धरलं, तो रडायचा थांबेपर्यंत.