मेलेल्या लांडग्याचं कातडं

धाकटीला डांग्या खोकल्याची सुई टोचून आणली अन् सांजच्याला तिचं अंग तापलं. माझे सासरे उमाजी लगेच तडकले. "बघ, सुईनंच रोग घातला. आता मधल्याला न्यायचं न्हाई."

लेकरं भेदरली. मी त्यांनाच विचारलं, "मेंढरं राखायच्या कुत्र्याच्या पिल्लांना आजोबा मेलेल्या लांडग्याचं कातडं कामून हुंगायला देतात?"

"वास वळखावा म्हणून," थोरला म्हणाला.

"सुईत तेच हाय. खोकल्याचे जंतू, पण मारलेले. अंगात आपली राखणीची कुत्री असतात, डोळ्याला न दिसणारी. त्यांनी आज वास घेतलाय, म्हणून ती भुकायलीत. त्यानं अंग तापलंय. उद्या जिता लांडगा आला की ती त्याला वळखून फाडतील."

"लेकरांना काहीबाही शिकवू नको," सासरे म्हणाले.

"मामा, कातडं हुंगलं की पिल्लं रातभर भुकतात. तवा तुमी कातडं फेकून देता का?"

सकाळी धाकटीचा ताप उतरला होता. मी मधल्याला कडेवर घेतलं, तर मामा दारात आडवे उभे.

"सरका, मामा. ह्याच्या कुत्र्यांनी अजून लांडगा हुंगलेला न्हाई."